पुठ्ठ्याआडचे संगीत

जुने, जाड बांधणीचे पुस्तक हाती आले की आपण पुठ्ठा उघडतो, पहिली एकदोन पाने भराभर उलटतो आणि मजकुराला लागतो. त्या पानांकडे सहसा कोणी पाहत नाही. आज बोलायचे आहे ते नेमके त्यांच्याविषयी. फ्रान्समधले मध्ययुगीन संगीत आज जेवढे उपलब्ध आहे, त्याचा एक महत्त्वाचा हिस्सा असल्याच पानांवर तगून राहिला आहे. आणि माझे म्हणणे असे, की ही पाने म्हणजे मोठ्या ग्रंथांतून सांडलेला चुरा नव्हे. मोठे ग्रंथ जे सांगत नाहीत, ते पुष्कळदा ही पाने सांगतात.

आधी ही पाने येतात कुठून ते पाहू. आपली पोथी सुट्या पानांची. वरखाली दोन फळ्या, भोवती बासन, की झाले काम. युरोपातला ग्रंथ मात्र शिवलेला. त्याला लाकडी फळ्यांचे पुठ्ठे आणि त्यांवर कातडे. कातड्याच्या कडा आतल्या बाजूला दुमडलेल्या असत; त्या झाकण्यासाठी फळीच्या आतल्या अंगाला एक पान चिकटवीत, आणि मजकुराचे पहिले पान घासले जाऊ नये म्हणून मध्ये आणखी एकदोन पाने घालीत. या कामाला माल मजबूत हवा. पण नवा कशाला हवा? मेंढीच्या वा वासराच्या कातड्यापासून केलेले चर्मपत्र काही स्वस्त नव्हते. तेव्हा बांधणारा एखादा निकामी झालेला जुना ग्रंथ उचली आणि त्यावर सुरी चालवी.

आता निकामी ग्रंथ कोणता, हा प्रश्न आला. संगीताचे दुर्दैव इथेच आहे, आणि सुदैवही. धर्मशास्त्राचा ग्रंथ दोनशे वर्षांनीही वाचता येतो. गाण्याच्या पोथीचे तसे नाही. १३२० च्या सुमारास फ्रान्समध्ये 'आर्स नोव्हा', म्हणजे नवी कला, या नावाने ओळखली जाणारी स्वरलेखनाची पद्धत रूढ होऊ लागली. कोणता स्वर किती काळ धरायचा, हे तीत पूर्वीपेक्षा पुष्कळ बारकाईने लिहिता येई. कर्मठांना ती रुचली नाही. पोप बाविसावा जॉन याने तर १३२४-२५ मध्ये चर्चमधल्या या नव्या वळणाच्या गाण्याविरुद्ध फर्मानच काढले. पुढे पंधराव्या शतकात भरीव काळ्या चिन्हांऐवजी पोकळ चिन्हे लिहिण्याचा प्रघात पडला. आजोबांचे गाणे नातवाला ना आवडे, ना धड वाचता येई. त्याच शतकात छापखाने निघाले, बांधायच्या पुस्तकांचा पूर आला, आणि गायकांनी टाकून दिलेली बाडे बांधणाऱ्यांच्या दुकानी जाऊन पडली.

याच्या उलट प्रकारही घडे. ग्रंथाच्या शेवटी खरोखरच कोऱ्या राहिलेल्या पानावर कोणी एखादे गाणे लिहून ठेवी. उत्तर फ्रान्समधल्या व्हालाँसिएन गावी नवव्या शतकातले एक हस्तलिखित आहे. मूळ ग्रंथ ग्रेगरी नाझियान्झस या धर्माचार्याच्या प्रवचनांचा, लॅटिन भाषांतरात. त्याच्या शेवटच्या पानांवर, इसवी सन ८८१ नंतर लवकरच, कोणी तरी संत युलालीवरचे एकोणतीस ओळींचे गाणे उतरवले. फ्रेंच साहित्याचा इतिहास या एकोणतीस ओळींपासून सुरू होतो! १८३७ मध्ये होफमान फोन फालर्सलेबेन हा जर्मन कवी आणि पंडित तेथे गेला, तो तिसऱ्या लुई राजाच्या विजयावरचे एक जुने जर्मन गीत हुडकायला. ते त्याला मिळाले, आणि त्याला लागूनच युलाली मिळाली. ओळींच्या घडणीवरून हे गायचे गाणे होते हे स्पष्ट आहे. पण स्वर लिहिलेले नाहीत. शब्द आहेत, चाल गेली.

बांधणाऱ्याने कापलेल्या पानांची गत काहीशी उलटी. तिथे स्वर असतात, पण गाणे पुरे नसते. याचे कारण थोडे समजावून सांगितले पाहिजे. त्या काळचा मुख्य रचनाप्रकार म्हणजे मोटेट. तो प्रथम ऐकताना आपल्या कानांना गोंधळच वाटेल. कारण बहुधा तीन गळे एकाच वेळी तीन निरनिराळ्या चाली गातात, आणि वरच्या दोघांची तर काव्येही वेगळी. एकजण प्रेयसीची आळवणी करीत असतो, दुसरा तिच्याविषयी तक्रार करीत असतो, आणि या दोघांखाली 'टेनर' हा तिसरा गळा चर्चमधल्या एखाद्या जुन्या गाण्याचा तुकडा संथपणे धरून असतो. लिहिताना हे तीन भाग एकाखाली एक मांडीत नसत. ग्रंथ उघडला की पुष्कळदा डाव्या पानावर एक गळा, उजव्या पानावर दुसरा आणि तळाशी टेनरची ओळ, अशी व्यवस्था असे. समोर उभे राहून तिघांनी आपापला भाग वाचावा. आता बांधणाऱ्याने यातले एकच पान घेतले, किंवा पुठ्ठा आखूड म्हणून तळाची चार बोटे छाटली, तर काय होईल? मैफलीतला गवई पुसून टाकावा आणि साथ तेवढी उरावी, तसे होईल. मग अभ्यासक उरलेल्या गळ्याचे पहिले शब्द घेतात आणि ते दुसऱ्या एखाद्या ग्रंथात भेटतात का, हे पाहत बसतात. कधी कधी इटलीतल्या इव्ह्रेआच्या ग्रंथात तेच मोटेट अखंड सापडते. कधी कुठेच सापडत नाही.

एवढ्या खटाटोपातून हाती काय येते? चौदाव्या शतकातल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. गियोम द माशो हा कवी आणि संगीतकार, मृत्यू १३७७. आपल्या रचना नीट गोळा होऊन सुरेख ग्रंथांत उतराव्यात याची त्याने हयातीतच काळजी घेतली. त्याच्या समग्र कृतींची अर्धा डझन मोठी हस्तलिखिते आज आहेत. दुसरा फिलिप द व्हित्री, जन्म १२९१, मृत्यू १३६१. अखेरची दहा वर्षे मो येथील बिशप. समकालीनांनी त्याला नव्या कलेचा अग्रणी मानले, पेत्रार्कने कवी म्हणून त्याची वाखाणणी केली. पण त्याच्या रचनांचा एकत्रित ग्रंथ एकही नाही. नुसते राजेशाही ग्रंथ पाहिले, तर चौदावे शतक म्हणजे माशो, असेच कोणी म्हणेल. व्हित्री भेटतो तो दुसऱ्यांच्या संग्रहांत आणि असल्या विखुरलेल्या पानांवर: उत्तर फ्रान्समधल्या काँब्रे येथे बांधणीतून काढलेल्या तुकड्यांत, इतकेच नव्हे तर समुद्रापलीकडे इंग्लंडात, डरॅमच्या कॅथीड्रलमधल्या एका ग्रंथाच्या अस्तराच्या पानांवरही. त्याची गाणी कुठवर पोचली होती याचा हा पुरावा. राजाच्या पेटीतला सोन्याने मढवलेला ग्रंथ कदाचित कोणी गायलाही नसेल. बांधणाऱ्याकडे गेलेले पान मात्र बहुधा गाणाऱ्यांच्या हातांत मळलेले होते.

काँब्रेच्या तुकड्यांवर इर्मगार्ड लेर्ख या जर्मन विदुषीने १९८७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या चिंध्यांतून मूळ हस्तलिखित कसे असेल याची पुनर्रचना मांडली. पानांची मापे, ओळींची आखणी, लेखकाचे वळण अशा बारीकसारीक खुणांवर हे काम चालते. इथे एक जुने पाप सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात हौशी मंडळींनी कितीतरी ग्रंथांच्या फळ्यांवरून अशी पाने ओली करून सोलून काढली आणि वेगळ्या पाकिटांत ठेवली. संगीत हाती आले खरे. पण ते पान कोणत्या ग्रंथात, कोणत्या मठात, कोणत्या बांधणाऱ्याच्या हातून गेले, ही माहिती पुष्कळ ठिकाणी पुसली गेली. पान जिथे चिकटले आहे तिथेच राहू द्यावे, असे माझे मत आहे. आणि आता सोलण्याची गरजही उरलेली नाही. ऑक्सफर्ड येथे मार्गारेट बेंट आणि अँड्र्यू वॅथी यांनी १९९८ मध्ये अशा संगीत-हस्तलिखितांच्या सूक्ष्म संगणकीय छायाचित्रांचा संग्रह सुरू केला. फिकट झालेली, खरवडलेली शाईसुद्धा त्यात वाचता येते. पान कधीच निघून गेले असले, तरी लाकडावर शाईचा उलटा ठसा उरतो. पूर्वी तो आरशात पाहून वाचीत, आता संगणक तो सुलटा करून दाखवतो.

अखंड ग्रंथ सुरक्षित आणि तुकडे धोक्यात, असेही समजू नका. १८७० च्या ऑगस्टमध्ये जर्मन तोफांनी स्ट्रासबूर्गचे ग्रंथालय पेटले, आणि दोनशेच्या आसपास रचना असलेला पंधराव्या शतकातला एक संगीतग्रंथ जळून गेला. कूस्मेकर नावाच्या, पेशाने न्यायाधीश असलेल्या एका हौशी संशोधकाने काही रचना आणि बाकीच्यांचे आरंभ आधीच उतरवून घेतले होते, म्हणून त्याची थोडीफार कल्पना तरी येते.

शेवटी एका विलक्षण पानाचा उल्लेख करतो. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक दुमडलेले चर्मपत्र आहे. त्यावर १३७६ हे साल आहे आणि ते ला त्रेमॉयल या घराण्याच्या नावाने ओळखले जाते. एका मोठ्या संगीतग्रंथाचे एवढेच काय ते उरले. त्यावर थोडे संगीत आहे, आणि आहे त्या ग्रंथाची अनुक्रमणिका. शंभराहून अधिक रचनांचे आरंभीचे शब्द तीत ओळीने लिहिले आहेत. त्यातल्या पुष्कळ रचना इतर ग्रंथांमुळे ओळखता येतात. उरलेल्यांची नुसती नावे आहेत. एखाद्या ग्रंथालयात पुठ्ठ्याआडून नवे पान निघाले, की अभ्यासक पहिल्याने ही यादी काढतात आणि त्या पानावरचे शब्द तीत आहेत का, ते पाहतात.