कियान्तीच्या द्राक्षमळ्यात

मद्य या वस्तूशी मराठी मनाचे नाते कधीच सरळ नव्हते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकराचा सर्वनाश पाहून आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. १९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. मोहाची असो, गुळाची असो वा द्राक्षांची, आपल्या बोलीत तिला नाव एकच, दारू. ती एक तर चोरून प्यावी, नाही तर तिचे नावही काढू नये, याखेरीज तिसरी रीत आपल्या मध्यमवर्गाला फारशी ठाऊक नव्हती. घरात द्राक्षासव येई ते औषध म्हणून, आणि दिले जाई चमच्याने मोजून. अशा संस्कारांत वाढलेला मनुष्य इटलीतील एका द्राक्षमळ्यावर दुपारच्या भोजनास जातो, तेव्हा त्याच्या मनात कुतूहलाइतकाच संकोचही असतो.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या वैरी नगरांच्या मधला जो डोंगराळ मुलूख, तो कियान्ती. उतारावर द्राक्षांच्या रांगा, मधूनमधून ऑलिव्हची रुपेरी झाडे आणि टेकडीच्या माथ्यावर सरूच्या पहाऱ्यात उभे असलेले दगडी घर, हे तेथील नेहमीचे दृश्य. या मुलखाच्या सीमेविषयी एक दंतकथा सांगतात. दोन्ही नगरांनी ठरविले की, कोंबडा आरवताच आपापल्या वेशीतून एकेक घोडेस्वार सोडावा आणि दोघे भेटतील तेथे सीमा मानावी. सिएनाच्या लोकांनी आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सकरांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेने व्याकूळ झालेला तो जीव उजाडण्यापूर्वीच आरवला, आणि फ्लॉरेन्सचा स्वार थेट सिएनाच्या जवळ जाऊन पोहोचला. १९२४ साली येथील उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला, आणि त्या संघाची खूण म्हणून हाच काळा कोंबडा आज बाटलीच्या गळ्यावर मिरवतो. दंतकथा बाजूला ठेवली, तरी १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने जाहीरनामा काढून कियान्तीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या, हा इतिहास आहे. कोणत्या मातीतील मद्याला कोणते नाव लावावे, हे राजाज्ञेने ठरविण्याचा जगातील हा फार जुना दाखला होय.

या परिसराशी आपलाही एक दुवा आहे. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस माँतेगुफोनी नावाचा एक गढीवजा वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्लॉरेन्सच्या चित्रसंग्रहालयांतील अमूल्य चित्रे बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी तेथे हलविली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी तेथवर सरकली, तेव्हा त्या वाड्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरले होते. बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’ हे जगद्विख्यात चित्र त्या वेळी तेथेच भिंतीला टेकून उभे होते. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या चित्रांवर पहारा केला, ही गोष्ट कियान्तीच्या वाटेवर आठवल्यावाचून राहत नाही.

मी ज्या मळ्यावर गेलो, तेथील तळघराचा कारभार एका वृद्ध गृहस्थाकडे होता. दुभाष्याच्या मदतीने आमचे बोलणे चाले. प्रथम त्यांनी मातीच हातात दिली. तिला ते ‘गालेस्त्रो’ म्हणतात. पाटीच्या कपच्यांसारखी सुटणारी ही खडकाळ माती पाणी धरून ठेवत नाही. मी म्हणालो, “आमच्याकडे अशा जमिनीला शेतकरी नावे ठेवील.” ते हसून म्हणाले, “वेलीला सुख लागले की ती पानेच काढते. थोडे कष्ट पडू द्या, मग फळाकडे लक्ष देते.” येथील मुख्य वाण सांजोव्हेजे. नियमाप्रमाणे ‘कियान्ती क्लासिको’ या नावाच्या मद्यात तो निदान ८० टक्के असावा लागतो. संयुक्त इटलीचा दुसरा पंतप्रधान बॅरन बेत्तीनो रिकासोली याने ब्रोलिओच्या आपल्या मळ्यात वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १८७२ साली एका पत्रात कियान्तीचे प्रमाण लिहून ठेवले : सुगंध व जोम यांसाठी सांजोव्हेजे, मार्दवासाठी कानायोलो, आणि लवकर प्यावयाच्या मद्यासाठी थोडा पांढरा माल्व्हाझिया. पुढे ही पांढरी द्राक्षे घालण्याचा प्रघात इतका बोकाळला की, मद्य पातळ व निःसत्त्व झाले. २००६ सालच्या द्राक्षांपासून क्लासिकोत त्यांना मनाई झाली.

तळघरात गारवा होता आणि ओकच्या लाकडाचा वास भरला होता. द्राक्षाचा रस मुळात फिकाच असतो. तांबडा रंग येतो तो सालीतून. म्हणून रस सालींसकट आंबवितात, आणि वर तरंगून येणारा सालींचा थर पुनःपुन्हा रसात बुडवितात. मग तो रस पिंपांत मुरत राहतो. साध्या क्लासिकोला किमान बारा महिने, तर ‘रिझेर्वा’ला चोवीस महिने थांबावे लागते.

भोजनाचे मेज अंगणात मांडले होते. टस्कनीची पावरोटी अळणी असते. ती भाजून, तिच्यावर लसूण घासून ऑलिव्हचे हिरवे तेल ओततात. पहिला घास घेताच मला भाकरी, तेल आणि लसणीची चटणी आठवली. मागून ‘रिबोल्लीता’ आली. शब्दाचा अर्थ पुन्हा उकळलेली. आदल्या दिवशीचे घेवड्याचे व पालेभाजीचे कालवण शिळ्या पावासह पुन्हा शिजवावयाचे. आपल्या फोडणीच्या भाकरीची ही सख्खी बहीण. पेल्यात ओतलेले कोवळे मद्य नुसते चाखले, तेव्हा आंबट लागले आणि जांभूळ खाल्ल्यावर जशी जीभ आखडते तशी आखडली. तेलाच्या घासाबरोबर तोच तुरटपणा सुखद वाटला. तेलाचा ओशटपणा त्याने धुऊन काढला. रिझेर्वा मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर आली. तिचा तुरटपणा निवला होता. शेवटी ‘व्हिन सांतो’. त्यासाठी द्राक्षे काही महिने वाळवितात, हिवाळ्यात पिळतात, आणि तो दाट रस लहान पिंपांत बंद करून घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे ठेवतात. पेला अंगठ्याएवढा, त्यात बदामाची कडक बिस्किटे बुडवून खावयाची. सगळे भोजन दोन तास चालले. पाण्याचा पेला प्रत्येकाजवळ होता, आणि कोणी घाई केली नाही.

मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “तुमच्या वडिलांनीही हेच मद्य प्यायले का?” ते क्षणभर थांबले. म्हणाले, “वडिलांनी ते केले. प्यायले ते आक्वेरेल्लो.” आक्वेरेल्लो म्हणजे पिळून काढलेल्या सालींवर पाणी ओतून केलेले फिके पेय. त्यांचे वडील ‘मेझाद्रिया’ पद्धतीने जमीन कसत. आपल्याकडील अर्धेलीच ती. निम्मे पीक मालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे. त्या निम्म्यातील चांगले मद्य विकून संसार चालवावयाचा, आणि चोथ्याच्या पाण्यावर आपली तहान भागवावयाची. १९६४ साली कायद्याने नवे मेझाद्रिया करार बंद केले. परंतु तोवर हजारो कुटुंबे टेकड्या सोडून शहरांतील कारखान्यांकडे निघून गेली होती. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कुळाला जमिनीचा मालक करण्याचा प्रयत्न केला. तेथे कूळ गेले आणि घर उरले. आज प्रवासी ज्या दगडी घरांत हौसेने मुक्काम करतात, त्यांतील पुष्कळ घरे त्या कुळांचीच आहेत.

मद्यार्काचे शरीरावर होणारे दुष्परिणाम वैद्यकाने सिद्ध केले आहेत, आणि कियान्तीचे मद्य त्याला अपवाद नाही. तेव्हा कोणी ते प्यावे असा आग्रह मी धरणार नाही. परंतु ज्या वस्तूकडे मी केवळ व्यसन म्हणून पाहत होतो, तिच्यात माती, ऋतू आणि कष्टकऱ्यांच्या पिढ्या आहेत, हे त्या मेजावर मला उमगले. सांजोव्हेजेची वेल आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही लागली आहे; इटालियन व भारतीय भागीदारांनी ती तेथे लावली. ऊस आणि ज्वारीच्या त्या मुलखात ती वेल रुजली, याचे मला कौतुक वाटते. मनात इच्छा एवढीच येते की, वेलीबरोबर तेथील इतिहासाचा धडाही आपण घ्यावा. तेथे द्राक्षे खुडणाऱ्या बायाबापड्यांच्या वाट्याला पिळून उरलेल्या चोथ्याचे पाणी येऊ नये. रसाचा न्याय्य वाटा यावा.