जाण्याआधी परतीचा हिशोब

(नोकरीसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या कल्याण-मुंब्रा परिसरातल्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



आजचा प्रश्न अगदी नेमका आहे. कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर नोकरी मिळते आहे. जावं की न जावं? पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न दुबई, मस्कत, कुवेतबद्दल असायचा. आता त्रिनिदाद, जमैका, केमन अशी नावं ऐकू येतात. कुणाला हॉटेलच्या किचनमध्ये काम आहे, कुणाला बांधकामावर, कुणाला अकाउंट्समध्ये, कुणा मुलीला नर्स म्हणून बोलावणं आहे.

जावंसं वाटण्यात काहीही गैर नाही, हे आधी सांगतो. कल्याण हे दोन हजार वर्षांपासूनचं बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. कोकणातले आपले लोक खलाशी म्हणून बोटीवर गेले, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन वसले, १९७० नंतर आखातात गेले. आज मुंब्रा, भिवंडीतली कितीतरी घरं त्याच पैशावर उभी आहेत. त्यामुळे 'आपली माती सोडून कशाला जायचं' असं भाषण मी करणार नाही.

शिवाय इथे राहण्याचीही किंमत आहेच. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारात लटकलेली माणसं रुळावर पडली आणि त्यात जीव गेले. ती कामावर निघालेली माणसं होती. रोज तसं लटकायचं, बारा तास घराबाहेर राहायचं, भाड्याचं घर बघायला गेलं की नाव ऐकून मालकाचा चेहरा बदलतो तोही बघायचा. एवढं सोसून हातात पंचवीस-तीस हजार येत असतील, तर बाहेरचं पत्र आल्यावर मन उडी मारणारच.

पण उडी मारण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, बाकी सगळं त्यातून येतं. तिथे गेल्यावर मला वाटेल तेव्हा परत येता येईल का? 'तिथे किती मिळेल' हा दुसरा प्रश्न आहे. परत येणं ज्याच्या हातात आहे, तो नोकरी करतो. ज्याच्या हातात नाही, तो अडकलेला असतो, मग पगार कितीही असो.

हे कॅरिबियनइतकं दुसरीकडे कुठे नीट समजणार नाही. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोहोचलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर होते, हिंदूही आणि मुसलमानही. त्यानंतर १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं एकट्या त्रिनिदादमध्ये उसाच्या मळ्यांवर नेली गेली. त्यातले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते. आपल्या कोकणातले मजूर त्याच काळात त्याच पद्धतीने दुसऱ्या एका बेटावर, मॉरिशसला गेले. तिथे आजही मराठी घरं आहेत.

त्या पद्धतीला लोक 'गिरमिट' म्हणायचे. अ‍ॅग्रीमेंटचा उच्चार जमेना, म्हणून गिरमिट. करार पाच वर्षांचा असे. परवान्याशिवाय मळा सोडून बाहेर गेलं तर तो गुन्हा. पुढे तर परतीच्या प्रवासाचा खर्च मिळण्यासाठी त्रिनिदादमध्ये दहा वर्षं राहण्याची अट आली. घरी परतू म्हणून निघालेले बहुसंख्य लोक परतलेच नाहीत. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी तिथे मोठं जग उभं केलं. आज त्रिनिदादमध्ये ईदला सरकारी सुट्टी असते आणि मोहरमच्या ताबुतांना तिथले लोक 'होसे' म्हणतात. पण ज्यांनी अंगठा उठवला होता, त्यांना कागदावर काय लिहिलंय हे कुणी वाचून दाखवलं होतं का? तुम्ही शिकलेले आहात. तुमचा कागद तुम्ही स्वतः वाचा.

तर कागद. बहुतेक बेटांवर परदेशी माणसाचं वर्क परमिट मालक काढतो आणि ते त्याच मालकाशी बांधलेलं असतं. म्हणजे नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही संपतो. बाजूच्या हॉटेलात जास्त पगार मिळतोय म्हणून उठून जाता येत नाही. म्हणून निघण्याआधी परमिट मंजूर झाल्याचा कागद हातात हवा. 'आधी व्हिजिटवर या, इथे आल्यावर करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. डिसेंबर २०२३ मध्ये तीनशेहून जास्त भारतीयांना घेऊन निकाराग्वाकडे निघालेलं विमान फ्रान्समध्ये अडवलं गेलं. मानवी तस्करीचा संशय होता. काही दिवसांनी २७६ प्रवासी मुंबईच्या विमानतळावर परत उतरले. अशा प्रवासात एजंटाला दिलेला पैसा कोण परत देतं?

आता आपल्या देशाचा कायदा. १९८३ चा उत्प्रवासन कायदा सांगतो की परदेशी नोकरीसाठी माणसं भरणारा एजंट सरकारकडे नोंदणीकृत असलाच पाहिजे. 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव आहे का, ते मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं. त्याने घ्यायच्या फीला मर्यादा आहे, तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. तो दोन-तीन लाख मागत असेल, तर तो काय विकतोय हे त्यालाच विचारा, आणि पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर जो चिडतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं आणि नोकरीसाठी ठरावीक अठरा देशांत जायला त्यांना सरकारी मंजुरी लागते. त्या यादीत आखाती देश आहेत, मलेशिया आहे. कॅरिबियनमधलं एकही बेट नाही. ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की आखातात जाताना तुमचा करार निदान एकदा सरकारी नजरेखालून जातो, इथे तो जात नाही. तपासायची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते.

काहींना बेटावर नाही, तर त्या बेटांमधून फिरणाऱ्या क्रूझ जहाजांवर काम मिळतं. तो रस्ता वेगळा आहे. त्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी तिने खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. तीस हजारही नाहीत.

आता पैशांचं बोलू. एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी धरलेत. समजा पगार दीड हजार डॉलर आहे. एका डॉलरचे ८५ रुपये धरले तर १,२७,५०० रुपये होतात. घरात हा आकडा सांगितला की पेढे वाटले जातात. पण बेटावर बऱ्याच वस्तू बोटीने येतात, त्यामुळे तेल-तांदळापासून साबणापर्यंत सगळं महाग. खोली, जेवण, जाणं-येणं, फोन मिळून ९०० डॉलर गेले असं धरा. उरले ६००, म्हणजे ५१,००० रुपये. घरी अम्मी-अब्बांना २५,००० पाठवायचे. उरले २६,०००. आणि निघताना एजंट, तिकीट मिळून चार लाख उसने घेतले असतील, महिना तीन टक्क्यांनी, तर दरमहा १२,००० व्याजाचे. राहिले १४,०००. दोन वर्षांचा करार आहे. चोवीस महिन्यांत होतात ३,३६,०००. म्हणजे करार संपला तरी मुद्दल फिटलेलं नाही. त्यात आजारपण नाही, बहिणीचं लग्न नाही, एकदाही घरी येणं नाही.

तेच कर्ज नसतं, तर त्याच पगारात दोन वर्षांनी सहा लाखांवर शिल्लक राहिली असती. नोकरी तीच, बेट तेच. फरक फक्त निघतानाच्या कर्जाचा. कर्ज डोक्यावर असलेला माणूस मालकाला 'नाही' म्हणू शकत नाही. पासपोर्ट काढून घेतला तरी गप्प बसतो. गिरमिट कागदावर नसलं तरी असंच होतं. एरवी व्याजाचं नाव काढलं की आपल्या घरांत कानांवर हात ठेवतात, पण परदेशी जाण्यासाठी मात्र तेच सावकाराचं दार चालतं, यावरही जरा विचार करा.

कर्ज नको म्हणून मग बायकोचे दागिने मोडले जातात. त्यात मेहेरचे असतील तर ते तिचे आहेत, घराचे नाहीत. ती स्वतःहून देत असेल तर लिहून घ्या, किती परत करायचे आणि कधी. आणि फक्त दागिन्यांपुरतं तिला विचारू नका, जाण्याबद्दलही विचारा. निर्णय अब्बा, मामू आणि एजंट असे तिघं मिळून घेतात आणि दोन वर्षं एकटीने घर ओढायचं असतं तिने. ती राहणार कुठे, पैसे कुणाच्या खात्यात येणार, मुलाच्या शाळेचा निर्णय कोण घेणार, हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात आले तर निम्मी भांडणं होतच नाहीत. आणि नोकरीचं पत्र मुलीला आलं असेल, तर तिलाही हेच प्रश्न विचारा, हाच हिशोब मांडा. 'मुलगी आहे' हे उत्तर नव्हे.

लांबचाही अंदाज घ्या. मुंबईहून तिकडे थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. इथे पहाटे अब्बांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. आखातातून माणूस रात्रीत घरी पोहोचतो, कधी मयतीलाही पोहोचतो. तिथून ते जमेलच असं नाही. लहान बेटांवर आपला दूतावासही नसतो, शेजारच्या देशातल्या दूतावासाकडे त्यांचं काम असतं. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे चक्रीवादळ जमैकावर धडकलं, ते सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीचं होतं. वादळाने हॉटेल बंद पडलं तर पगाराचं काय, हे करारात बघा.

मग काय करायचं? करार मागवा आणि त्यात पाच गोष्टी शोधा. हातात येणारा पगार. कामाचे तास. राहण्याची सोय कुणाकडे. आजारपणाचा खर्च कुणाचा. परतीचं तिकीट कुणाचं. एक जरी सापडली नाही, तरी ईमेलवर लेखी विचारा. फोनवरचं उत्तर धरू नका. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाकडे गहाण ठेवायची वस्तू नाही. परतीच्या तिकिटाइतके पैसे इथल्या खात्यात बाजूला टाका आणि ते कशासाठीही मोडू नका. आणि परत येऊन काय करणार, तेही ठरवा. किचनमध्ये दोन वर्षं काम करून कसबी शेफ होऊन येणार, की फक्त दोन वर्षांनी मोठे होऊन येणार?

हे सगळं जुळत असेल तर बिनघोर जा. लोकलच्या दारात लटकण्यापेक्षा ते नक्कीच चांगलं. जुळत नसेल तर या पत्राला नाही म्हणा. नाही म्हणणारा भित्रा नसतो, आणि ते काही शेवटचं पत्र नसतं. फक्त मालकावर चिडून, शेजाऱ्याचा बंगला बघून किंवा इथे आपल्याला कोण विचारतंय या रागाने जाऊ नका. राग विमानतळापर्यंतच पुरतो, करार दोन वर्षं चालतो.

आता ज्यांच्याकडे असं पत्र आलंय त्यांनी ते घेऊन पुढे या. नाव झाकून आपण सगळे मिळून एकेक ओळ वाचू.