अंगणातले तंबू : जागा देणे म्हणजे काय?

(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'बेघरांना आसरा' असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि बोलणारा बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. तेव्हा सबंध विषयाला हात घालण्याऐवजी आम्ही एकच उदाहरण निवडले आहे. ते अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यातील, म्हणजे सिएटल शहर आणि त्याच्या शेजारच्या गावांतील आहे. (अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन ती वेगळी, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.) सिएटलचे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर आहे. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ते हेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रस्ताव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. शहराच्या पूर्वेला रेडमंड, बेलव्ह्यू ही गावे आहेत. संगणकाच्या बड्या कंपन्यांमुळे आपल्याकडची पुष्कळ मुले तिकडे नोकरीला गेली आहेत.

अशा सुबत्तेच्या प्रदेशात माणसे उघड्यावर झोपतात, ही गोष्ट प्रथम ऐकताना खरी वाटत नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या सरकारी मोजणीत एका रात्री सबंध अमेरिकेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तोपर्यंतचा तो सर्वांत मोठा आकडा होता. सिएटल आणि ज्या किंग कौंटीत ते शहर मोडते त्या कौंटीने नोव्हेंबर २०१५ मध्येच बेघरपणाबाबत आणीबाणी जाहीर केली होती. बड्या पगाराच्या नोकऱ्या आल्या, त्यामागोमाग घरभाडी चढली, आणि ज्यांचे पगार चढले नाहीत ते खाली घसरले. कुणाची नोकरी गेली, कुणाचा संसार मोडला, कुणाला आजाराने किंवा व्यसनाने गाठले. कारणे निरनिराळी असली तरी शेवटी सगळे येऊन थांबतात ते एकाच प्रश्नापाशी : आज रात्री पाठ कुठे टेकायची?

या प्रश्नावर तिथल्या बेघरांनीच एक वाट काढली. 'शेअर' आणि बेघर स्त्रियांची 'व्हील' या दोन संघटनांनी मिळून २००० साली सिएटलमध्ये एक तंबूवसाहत उभी केली. तिला 'टेंट सिटी ३' म्हणतात. महापालिकेने विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २००२ मध्ये उभय पक्षांत समझोत्याचा हुकूमनामा झाला. वसाहतीत शंभरापेक्षा जास्त माणसे नसावीत आणि एका जागी मुक्काम तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावा, अशा अटींवर वसाहतीला मान्यता मिळाली. पुढे मे २००४ मध्ये पूर्वेकडील गावांसाठी 'टेंट सिटी ४' निघाली. तिला पहिली जागा दिली ती बॉथेल गावातील सेंट ब्रेंडन या कॅथलिक चर्चने. त्यानंतर मेथॉडिस्ट आणि इतर पंथांच्या चर्चनी, एवढेच नव्हे तर यहुदी प्रार्थनामंदिरानेही, आळीपाळीने आपले आवार मोकळे करून दिले.

आता ही वसाहत चालते कशी, ते पाहू. चर्चच्या वाहनतळावर किंवा हिरवळीवर लाकडी पॅलेट मांडतात, कारण सिएटलचा हिवाळा पावसाचा आणि जमीन सदा ओली. त्यांवर तंबू. एक स्वयंपाकाचा तंबू, एक कार्यालयाचा, फिरती शौचालये, कचऱ्याच्या मोठ्या पेट्या. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, हत्यार नाही, मारहाण नाही. नियम मोडणाऱ्याला बाहेरची वाट दाखवली जाते. चोवीस तास पहारा असतो आणि पहारेकरी पगारी नसतात. राहणारेच पाळी लावून तो देतात. आठवड्याची सभा भरते, मतदान होते, पदाधिकारी निवडले जातात. तीन महिने भरत आले की चंबूगबाळे आवरून नव्या जागी जायचे. चर्चची मंडळी जेवण आणतात, कपडे-पांघरुणे देतात, नळ जोडून देतात. पण वसाहतीचा कारभार त्यांच्या हातात नसतो.

आमच्या मते या प्रयोगाचा गाभा इथेच आहे. रात्रनिवारे तिथेही आहेत. परंतु पुष्कळ निवाऱ्यांत संध्याकाळी ठरल्या वेळी रांगेत उभे राहावे लागते आणि सकाळी सगळे सामान पाठीवर घेऊन बाहेर पडावे लागते. नवरा-बायकोला एकत्र राहता येत नाही. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपायला जागाच नसते. अंगावर सारा संसार घेऊन नोकरीच्या मुलाखतीला कोण जाईल आणि त्याला कोण घेईल? तंबूत सामान ठेवून कामावर जाता येते. जोडप्याला एकत्र राहता येते. रात्री काम करून आलेला माणूस दुपारी झोपू शकतो. कापडाच्या चार भिंतींनी एवढे साधते.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. फॉर्मवरचा 'पत्ता' हा रकाना केवढा जड असतो हे आमच्याइतके फार थोड्यांना माहीत असेल. नाव सगळ्यांना असते, सही नाही तर अंगठा असतो. अडते ते पत्त्यापाशी. ज्याला पत्ता नाही त्याच्याकडे व्यवहाराचे जग संशयाने पाहते. माणसाचे घर जाते तेव्हा छप्पर जाते हे सर्वांना दिसते. त्याच्यावरचा विश्वासही त्याच दिवशी जातो, हे दिसत नाही. तंबूवसाहतीत माणूस पहारा देतो, सभेत हात वर करतो, हिशेब ठेवतो. त्याच्यावर कुणीतरी विसंबून असते. गेलेला विश्वास थोडाथोडा परत जमा होण्याची ही जागा आहे.

बंधूभगिनींनो, चित्र असे गोड दिसले तरी वाट सोपी नव्हती. 'आमच्या गावात तंबू येणार' म्हटल्यावर शेजारी खवळले. मुलांच्या शाळा जवळ आहेत, चोऱ्या वाढतील, घरांच्या किमती उतरतील, असे आक्षेप घेतले गेले. या भीतीला केवळ दुष्टपणा म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. ज्याने आयुष्याची कमाई घरात घातली त्याला धास्ती वाटणारच. भाषणांनी ती धास्ती जात नाही. जागा देणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या सभा घेतल्या, येणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्रे तपासण्याची पद्धत ठेवली, नियम लेखी दिले आणि जाण्याची तारीख आधी सांगितली. शेजाऱ्याचा राग अंगावर घेण्याची तयारी नसेल तर अशी जागा देताच येत नाही.

वुडिनव्हिल गावची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. तिथल्या नॉर्थशोअर युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या चर्चने २००६ साली टेंट सिटी ४ ला आवारात घेण्यासाठी नगरपालिकेकडे परवाना मागितला. नगरपालिकेने त्या निवासी विभागात जमीनवापराच्या परवान्यांना तात्पुरती स्थगिती दिली होती. त्या आधारावर तिने अर्ज विचारातच घेतला नाही आणि वर चर्चलाच न्यायालयात खेचले. खालच्या दोन्ही न्यायालयांत चर्च हरले. अखेर जुलै २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील अकराव्या कलमाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि अर्ज विचारातच न घेणे हा त्या स्वातंत्र्यावर घातलेला भार आहे, असे न्यायालयाने मानले. नगरपालिकेला वाजवी अटी घालता येतील, पण दार सरसकट बंद करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

यातला मुद्दा नीट पाहा. बेघराला आसरा देणे हा त्या मंडळीने आपल्या उपासनेचाच भाग मानला, आणि न्यायालयानेही त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले. प्रार्थना चार भिंतींच्या आत संपत नाही. ती अंगणात, वाहनतळावर आणि नळाच्या तोटीपर्यंत जाते.

पुढल्याच वर्षी, २०१० साली, राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. धार्मिक संस्थांना आपल्या मालकीच्या वा ताब्यातील जागेत बेघरांना तात्पुरते ठेवता येईल. सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी आवश्यक तेवढ्याच अटी स्थानिक संस्थांनी घालाव्यात. परवान्याची फी प्रत्यक्ष खर्चाहून अधिक नसावी. नगरपालिकेच्या जबाबदारीचा विमा चर्चच्या माथी मारू नये. फी आणि विमा या दोन कलमांकडे आम्ही कारकुनाच्या नजरेने पाहतो. चांगल्या कामाला उघड 'नाही' म्हणणारे थोडे असतात. बहुधा ते काम फीच्या आकड्याने आणि विम्याच्या अटीनेच मरते. कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट ओळखून ती बुजवली.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमच्या वयाच्या मुलांचाही वाटा आहे. २००५ साली सिएटल युनिव्हर्सिटी या जेझुइट विद्यापीठाने आपल्या टेनिसच्या मैदानांवर टेंट सिटी ३ ला जागा दिली. २०१६-१७ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या वाहनतळावर हीच वसाहत तीन महिने ठेवून घेतली. वर्गात समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलाला त्या प्रश्नाशी शेजारी म्हणून बोलता आले, तर त्याचे शिक्षण अधिक पक्के होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तंबू म्हणजे घर नव्हे. थंडीत, पावसात तंबूत राहणे हालाचे असते आणि दर तीन महिन्यांनी बिऱ्हाड हलवणे त्याहून हालाचे. मनाने खचलेल्याला किंवा व्यसन न सुटलेल्याला अशी शिस्तीची वसाहत पेलत नाही. तो बाहेरच राहतो. शिवाय 'चर्च पाहून घेतील' म्हणून सरकारने हात झटकण्याचा धोका आहेच. शंभर माणसांची सोय झाली म्हणून हजारोंचा प्रश्न सुटत नाही. परवडणाऱ्या भाड्याची पक्की घरे बांधणे हे सरकारचे काम सरकारनेच केले पाहिजे.

तरीही या प्रयोगाचे मोल आज वाढले आहे असे आम्हाला वाटते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. सार्वजनिक जागी पथारी टाकून झोपण्यास मनाई करून दंड-शिक्षा करणे हे घटनाबाह्य क्रौर्य ठरत नाही, असा तो निकाल आहे. म्हणजे ज्याला जागा नाही त्याला सार्वजनिक जागेवरूनही उठवता येते. मग उरते ती कुणाच्या तरी मालकीची जागा. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती उघडली नाही, तर त्या माणसाने उभे तरी कुठे राहायचे?

सभासद बंधूंनो, उरलेले अन्न देणे सोपे, जुने कपडे देणे त्याहून सोपे. त्यात देणाऱ्याचे काही अडत नाही. स्वतःच्या वापरातली जागा दिली की वाहने उभी करायची अडचण होते, शेजारी बोलणे सोडतो, आपल्याच सभेत दोन तट पडतात, नगरपालिकेची नोटीस येते. एवढे सोसून जे दिले जाते ते खरे देणे. आणि दिल्यानंतर 'आता आम्ही सांगू तसे राहा' असे न म्हणता कारभार राहणाऱ्यांच्या हाती सोडणे, ही त्याच्याही पुढची पायरी. पहिल्या पायरीला औदार्य म्हणतात. दुसऱ्या पायरीला आम्ही समता म्हणतो.

कोणत्याही संस्थेची वास्तू पाहताना तिचा कळस किंवा कोनशिला पाहण्याआधी तिचे अंगण कुणासाठी उघडते ते पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे. 

जयभीम.