पाणवठ्याकाठची रानभाजी: ओळख पटल्याखेरीज खुडू नये



पावसाळा लागला की ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला हिरवळ दाटते आणि अनेकांची पावले तिकडे वळतात. आसामात ढेकिया, बंगालमध्ये कलमी, हिमाचलात लिंगडा, कोकणात रानअळू, या भाज्या पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत शिजत आल्या आहेत. त्या आपण सोडून द्याव्यात, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. अडचण आहे ती सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींची.

नाळीची भाजी, म्हणजेच बंगालची कलमी, हिचेच पाहा. तिची वेल पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर पसरते. दांडा आतून पोकळ असतो, पेरांतून मुळे फुटतात, पान लांबट व बहुधा बाणाच्या टोकासारखे असते. त्याच तळ्याच्या काठी तिच्याच कुळातील बेशरम वाढते आणि ती विषारी आहे. फुले दोघींचीही कर्ण्यासारखी असतात, म्हणून केवळ फुलावरून निर्णय करू नये. बेशरम हे ताठ उभे, माणसाच्या उंचीएवढे वाढणारे झुडूप असून त्याची पाने मोठी व हृदयाकृती असतात. शेळ्या ती सतत खाऊ लागल्या तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. तेव्हा ‘जनावर खाते, मग आपल्यालाही चालेल’ या समजुतीवर विसंबू नये.

उत्तर भारतात हिवाळ्यात नदीकाठच्या ओलसर जमिनीवर जलधनिया उगवते. नावात धने असले, तरी तिला कोथिंबिरीचा सुवास नसतो. तिच्या ताज्या रसाने कातडीवर फोड येतात. चव घेऊन पारख करण्याची सवय येथे फार महागात पडते. अनोळखी पान जिभेवर ठेवूच नये.

अळू ओळखीचे असले तरी त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते पान नीट शिजवावे. चिंच किंवा आमसूल घालण्याची आपल्या घरची रीत योग्यच आहे. ढेकिया व लिंगडा यांचे कोवळे, गुंडाळलेले शेंडे खाल्ले जातात. पण इतर नेच्यांचे शेंडेही तसेच गुंडाळलेले असतात आणि त्यांतील काही अपायकारक आहेत. त्या परिसरात वर्षानुवर्षे भाजी खुडणाऱ्या जाणत्या व्यक्तीने हातात घेऊन दाखविल्याखेरीज ते घेऊ नयेत. मोबाइलमधील छायाचित्र हा पुरेसा आधार नव्हे.

योग्य भाजीही सांडपाण्याच्या नाल्यातली असेल तर टाळावी. शिंगाडा दाताने सोलू नये. काही भागांत त्याच्या सालीला आतड्यातील चपट्या कृमीची सुप्त अवस्था चिकटलेली असते आणि ती तोंडावाटे पोटात जाते. पाण्यातील कोणतीही भाजी कच्ची न खाता पूर्ण शिजवून खावी.

खाल्ल्यानंतर तोंडाची आग, ओठांना सूज, उलट्या, गुंगी किंवा श्वासाचा त्रास जाणवल्यास तोंडात उरलेला अंश थुंकून पाण्याने खळखळून चूळ भरावी. मुद्दाम उलटी करवू नये. घरगुती उतारा शोधत वेळ दवडू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी आणि रुग्णालयात जाताना उरलेली भाजी, शक्य असल्यास पान, दांडा व मुळासह ती वनस्पती, पिशवीत घालून सोबत न्यावी. त्याच ताटातील भाजी घरातील इतर कोणी खाल्ली असेल, विशेषतः मुलांनी, तर त्यांनाही त्रास होण्याची वाट न पाहता बरोबर न्यावे.