‘नीस’ आडनावांचे कूळ



नगराहून पुण्यास जाणाऱ्या वाटेवरील केडगाव हे रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परंतु केडगावातच नांदणाऱ्यास केडगावकर म्हणण्यात हशील नाही. गाव सोडून परमुलखी गेलेल्यासच ती ओळख लागते. इटलीतही हाच न्याय. चित्रकार लिओनार्दो दा विंची हा विंची गावचा, म्हणजे आपल्या भाषेत विंचीकरच! तिकडील फेरारी हे मूळचे लोहार, मेदिची हे वैद्य.

गाव आणि धंदा यांचा उलगडा असा चटकन होतो. फडणीस, चिटणीस, जमेनीस यांतील ‘नीस’ मात्र संस्कृत कोशात शोधू जाल तर व्यर्थ शिणाल. तो फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा होय. फर्द म्हणजे पत्रक, यादी. ती लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचाच फडणवीस आणि पुढे फडणीस झाला. चिठ्ठ्यापत्रे लिहिणारा चिटणीस, जमेची नोंद ठेवणारा जमेनीस, किल्ल्यावरील हजेरीपट सांभाळणारा सबनीस.

केडगावाशेजारचे नगर ही मलिक अहमदाने १४९० मध्ये स्थापिलेल्या निजामशाहीची राजधानी. बहमनी काळापासून दक्षिणेतील दरबारांत फारसीचा मान मोठा; लेखणी मराठी माणसाच्या हाती असली तरी हुद्द्याचे नाव फारसीच असे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी वाकनीस हा मंत्री झाला, सुरनीस हा सचिव झाला. तथापि घराण्यांनी जुनी नावे टाकली नाहीत. उलट हुद्दा कुळावर मात करून बसला. बाळाजी जनार्दन यांचे आडनाव भानू. ते १८०० मध्ये वारले, आणि आज त्यांस भानू म्हणून कितीजण ओळखतात? जो तो नाना फडणवीसच म्हणतो.

परभाषेतील शब्द मराठीतून वेचून काढण्याची हौस पुष्कळांस असते. त्यांनी आरंभ करण्यापूर्वी आपल्या दारावरील पाटी एकवार वाचावी. पारसनीस हे नाव ऐकून कोणास परिसाची आठवण होईल. पण तो फारसीनवीस, दरबारची फारसी पत्रे लिहिणारा. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे ज्यांनी आयुष्यभर जमविली, त्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांचे (१८७०–१९२६) आडनावही तेच होते.