पडवीवरची शाळा
(मालवण येथे भावी प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणावरून)



आपण उद्याचे शिक्षक आहात. आपल्यापैकी काही जण याच जिल्ह्यातले आहेत, तर काही घाटमाथ्यापलीकडून येथे आलेले आहेत. अध्यापनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. भाषा कोठे आणि कोणाकडून शिकावी, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

पुढे स्पॅनिश भाषेचे शिक्षक होऊ इच्छिणारे परदेशी विद्यार्थी काही महिने स्पेनमध्ये किंवा मेक्सिकोत जाऊन राहतात. त्यांची सोय पुष्कळदा वसतिगृहात न करता एखाद्या कुटुंबात केली जाते. सकाळी वर्गात व्याकरण आणि रात्री पानावर बसल्यावर यजमानांशी बोलणे, असा त्यांचा क्रम असतो. वर्गातील चुकीने गुण जातात. घरातील चुकीने मात्र हवी ती वस्तू मिळत नाही, आणि म्हणून ती चूक सहसा पुन्हा होत नाही.

आपल्याकडील परंपरा

आपल्याला ही गोष्ट अपरिचित नाही. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले. साष्टीच्या लोकांत त्यांचे आयुष्य गेले आणि त्यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. याच कोकणातील पालगडचे साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले. पुढे त्यांनी 'कुरल'चा मराठी अनुवाद केला आणि एका प्रांताने दुसऱ्याची भाषा आपुलकीने शिकावी, यासाठी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. म्हैसूर येथे १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने प्रादेशिक केंद्रे काढून शिक्षकांना दुसऱ्या राज्याची भाषा शिकण्याची सोय केली. पुण्याचे केंद्र त्यांपैकीच होय.

परंतु शिकावयाची भाषा नेहमी दूर देशी असते असे नाही. कधी ती आपल्या शाळेच्या पहिल्या बाकावर बसलेली असते.

मी केलेली चूक

मी सातारा जिल्ह्यातला आणि मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला. नोकरीच्या आरंभी कामानिमित्त काही महिने मालवण तालुक्यात राहणे झाले. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबाग येथे एका मच्छीमार कुटुंबात मी खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात माझा चष्मा हरवला. घरातील मुलाने सगळीकडे शोधले आणि येऊन सांगितले, "सायबानू, गावाक नाय." मी विचारले, "कोणत्या गावाला?" सारे घर हसले. 'गावणे' म्हणजे सापडणे, हा धडा मी पदवी घेतल्यानंतर शिकलो.

हा प्रसंग हसण्यावारी गेला. पुढचा गेला नाही. त्याच सुमारास एका शालेय निबंध स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावण्यात आले. एका निबंधात रापणीचे वर्णन होते. जाळे होडीतून अर्धवर्तुळात कसे सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे कशी ओढतात, आजी दोराला लागली म्हणून तिच्याही नावे मासळीचा वाटा कसा पडला, हे सारे त्यात होते. मात्र 'गावला', 'वाटो', 'सुकती' अशा शब्दांखाली मी तांबड्या रेघा ओढल्या, 'भाषा अशुद्ध' असा शेरा दिला आणि तो निबंध बाजूला ठेवला.

तो निबंध शेजारच्या घरातील मुलीचा होता, हे नंतर काकींकडून समजले. काकी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "सायबानू, तिना लिवल्यान ता काय खोटा नाय." मी त्या मुलीकडे गेलो आणि रापणीविषयी पुन्हा लिहून देण्याची तिला विनंती केली. "माका येना नाय," एवढे बोलून ती आत निघून गेली. जी गोष्ट तिला उत्तम येत होती, ती येत नाही असे तिला वाटू लागले होते, आणि त्याला माझा दोन शब्दांचा शेरा कारण झाला होता.

मालवणीचे नियम

पुढे रोज संध्याकाळी मी पडवीवर वही घेऊन बसू लागलो. काकी बोलत आणि मी टिपून घेई. तेव्हा ध्यानात आले की, मालवणी ही बिघडलेली मराठी नव्हे. 'घोडा', 'आंबा' यांचे येथे 'घोडो', 'आंबो' होते. 'मला', 'तुला' यांचे 'माका', 'तुका' होते. हे सारे नियमाने होते. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' नाटकातील मालवणीला महाराष्ट्राने मनमुराद दाद दिली. रंगमंचावर जिला टाळी मिळते, तिला वहीत तांबडी रेघ का मिळावी?

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा नव्हे. ती मुलांना आलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज आणि ग्रंथ यांची वाट तिच्यातूनच जाते. मात्र त्या वाटेवर पहिले पाऊल घरच्या बोलीचे असते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे. ही तरतूद वर्गात उतरावयाची तर आधी शिक्षकाला ती भाषा समजली पाहिजे.

तीन सूचना

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. भावी शिक्षकांनी सराव पाठाच्या काळात शक्य असेल तर गावातच, एखाद्या कुटुंबात राहावे आणि शब्दांची वही ठेवावी. मुलाने 'घोडो' लिहिल्यास तो शब्द खोडू नये. त्याच्या शेजारी 'घोडा' लिहावे व दोन्ही मोठ्याने म्हणून घ्यावेत. पंचायत सदस्यांनी बाहेरगावाहून आलेल्या शिक्षकाच्या निवाऱ्याची आपुलकीने चौकशी करावी. ज्या गावाने शिक्षकाला घर दिले, त्या गावाची भाषा त्याला शिकवावी लागत नाही.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिचा तो निबंध आज माझ्याजवळ नाही. आपल्या हाती उद्या असा निबंध येईल तेव्हा तांबडी लेखणी उचलण्यापूर्वी तो एकदा शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.