स्वभाव, शैली आणि संस्थेची घडण



व्यक्तिमत्त्वाचा नेतृत्वशैलीवर परिणाम होतो, हे विधान इतके उघड आहे की त्यासाठी परिषद भरवण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. साहेब तापट असला की कचेरी दबकून वागते आणि भिडस्त असला की अवघड फायली टेबलावर पडून राहतात, हे ज्ञान शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांजवळ असते व त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. अभ्यासाची गरज त्यापुढच्या पायरीवर निर्माण होते. एकाच माणसाचा एकच स्वभाव दोन संस्थांमध्ये दोन अगदी वेगळ्या शैलींत का प्रकट होतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ नेत्याच्या मनात शोधून मिळत नाही, तर त्याला हातातल्या कामाची असलेली जाण आणि संस्थेने त्याच्याभोवती उभी केलेली माणसे व नियम यांतही ते शोधावे लागते, हे या भाषणाचे प्रतिपाद्य आहे.

व्यक्तिमत्त्व म्हणजे माणसाच्या विचार, भावना व वर्तन यांतील तुलनेने टिकाऊ ठेवण, आणि नेतृत्वशैली म्हणजे निर्णय घेण्याची, काम सोपवण्याची व दुसऱ्याची चूक हाताळण्याची त्याची नेहमीची रीत. स्वभावाला औषध नाही ही म्हण पहिल्या गोष्टीला बऱ्याच अंशी लागू पडते, दुसरीला पडत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले, आणि शब्दांवरून स्वभावाचा नकाशा काढण्याच्या याच वाटेने पुढे पंचघटक प्रतिमान तयार झाले, ज्यात बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, सौहार्द, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा अशी पाच परिमाणे मानली जातात. मराठीतील स्वभाववाचक शब्दांची अशी छाननी करायला बसल्यास खमक्या, हेकट, धोरणी, कुढा, आतल्या गाठीचा असे शब्द या पाच खणांत सहजासहजी बसत नाहीत. त्यांतही ‘भिडस्त’ हा शब्द व्यवस्थापनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण त्यात दुसऱ्याला न दुखवण्याची सौहार्दाची बाजू आणि नाही म्हणण्याची धास्ती या दोन्ही एकत्र नांदतात. भिडस्त अधिकारी हाताखालच्या दहाही जणांच्या गोपनीय अहवालात सरसकट ‘चांगला’ असा शेरा लिहितो, मग कामसू माणूस खट्टू होतो, कामचुकार निर्धास्त होतो, आणि साहेब मात्र देवमाणूस म्हणून निवृत्त होतो. आपल्या संस्थांचे जेवढे नुकसान हुकूमशाही वृत्तीने केले असेल त्याहून कमी भिडेने केलेले नसावे, असे मत नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

संशोधनाने या विषयात दोन टोके पाहिली आहेत. नेत्याच्या अंगी विशिष्ट गुण असतातच ही श्रद्धा राल्फ स्टॉगडिल यांच्या १९४८ च्या आढाव्याने डळमळीत केली, कारण गुणांइतकीच परिस्थितीही निर्णायक असते असे त्यात दिसून आले. त्यानंतर काही दशके स्वभावाचा उल्लेखही जुनाट समजला गेला. टिमथी जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ७३ नमुन्यांतील निष्कर्ष एकत्र करून लंबक काहीसा परत आणला. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात हे उणे एक ते अधिक एक या पट्टीवर दाखवणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक, आणि त्यांच्या विश्लेषणात नेतृत्वाशी बहिर्मुखतेचा हा गुणांक ०.३१, कर्तव्यदक्षतेचा ०.२८, तर सौहार्दाचा अवघा ०.०८ निघाला. पाचही घटक एकत्र धरले तरी नेतृत्वातील फरकांपैकी एक चतुर्थांशाहून कमी भागाचाच उलगडा होतो, म्हणजे स्वभाव महत्त्वाचा खरा, पण तीन चतुर्थांशांहून अधिक गोष्ट त्याच्या बाहेर घडते. शिवाय बहिर्मुखतेचा संबंध नेता म्हणून पुढे येण्याशी अधिक आणि नेता म्हणून यशस्वी होण्याशी कमी आढळला. मुलाखतीच्या खोलीत बोलका उमेदवार बाजी मारतो आणि वर्षभराने निवड समिती डोक्याला हात लावते, त्याचे मूळ येथे आहे. अॅडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो व डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये एका पिझ्झा साखळीच्या ५७ दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जेथील कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे होते तेथे बहिर्मुख व्यवस्थापकाच्या दुकानाचा नफा कमी, आणि जेथील कर्मचारी सांगेल तेवढेच करणारे होते तेथे जास्त असल्याचे आढळले. ज्याला स्वतःला बोलायचे असते त्याला दुसऱ्याची सूचना ऐकायला सवड होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावता येईल.

आकडेवारी येथवर नेऊन सोडते, पुढचा रस्ता माणसांच्या चरित्रांतून जातो. जे. आर. डी. टाटा यांनी १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, टाटा समूहाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९९१ पर्यंत ते सांभाळले. या सर्व काळात त्यांची शैली सहमतीची व सोपवण्याची होती. वाहने बनवणारी टेल्को सुमंत मुळगावकरांच्या आणि पोलाद बनवणारी टिस्को रूसी मोदींच्या हाती होती, आणि हे दोघे स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट होते. मुळगावकर मितभाषी, कामाच्या दर्जाबाबत तडजोड न करणारे, पिंपरी-चिंचवडच्या उघड्या माळावर कारखान्यासोबत झाडे लावणारे, तळे करणारे आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाला यंत्रांइतके महत्त्व देणारे होते, तर मोदी जमशेदपूरच्या कामगारांत मिसळून त्यांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकणारे, गप्पिष्ट, दिलखुलास आणि प्रसिद्धीचे वावडे नसलेले होते. जे. आर. डीं.नी दोघांनाही आपल्या साच्यात घालण्याचा प्रयत्न केला नाही.

याच माणसाची एअर इंडियातील शैली मात्र वेगळी होती. तेथे ते सामान्य प्रवाशासारखे आसनात बसून आसनाची पाठ किती मागे जाते, पडद्याचा रंग कसा दिसतो, स्वच्छतागृह नीटनेटके आहे की नाही, हे पाहत आणि त्रुटींची टिपणे व्यवस्थापनाकडे पाठवत. विमानात मिळणारा चहा रंगावरून कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही, इतक्या बारीक तक्रारीलाही या टिपणांत जागा असे. टेल्कोत इंजिनाची जुळणी कशी करावी हे मुळगावकरांना न सांगणारा अध्यक्ष चहाच्या रंगावर पत्र लिहितो, यात वरवर विसंगती दिसते. पंचघटकांच्या पट्टीवर त्यांना कोठे बसवायचे, असा प्रश्न एखाद्या परीक्षेत आला तर विद्यार्थी गोंधळून जाईल.

या विसंगतीचा उलगडा जाणकारीत आहे. जे. आर. डीं.ना विद्यापीठाची पदवी घेता आली नव्हती व त्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. पोलाद आणि वाहने या क्षेत्रांत आपल्याहून अधिक शिकलेली माणसे आहेत ही जाणीव त्यांच्या नम्र स्वभावातून विश्वासाच्या रूपाने बाहेर पडली. विमानविद्या मात्र त्यांच्या हाताला ठाऊक होती. त्यांनी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला होता आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन येणारे विमान स्वतः चालवले होते. तोच नीटनेटकेपणा, तीच दुसऱ्याविषयीची कदर, पण जेथे हाताला काम कळत होते तेथे तिचे रूप बारीक देखरेखीचे झाले आणि जेथे कळत नव्हते तेथे मोकळीक देण्याचे झाले. सूक्ष्म देखरेख हा स्वभावदोष आणि अधिकार सोपवणे हा स्वभावगुण, अशी जी ढोबळ वाटणी पाठ्यपुस्तकांत आढळते, ती या उदाहरणापुढे टिकत नाही. सोपवण्याच्या या शैलीला किंमत मोजावी लागली नाही असेही नाही. समूहातील मोठ्या कंपन्या हळूहळू स्वतंत्र संस्थानांसारख्या वागू लागल्या आणि १९९१ नंतर रतन टाटा यांना संचालकांच्या निवृत्तिवयाचा नियम कसोशीने लागू करून ही घडी बदलावी लागली. एका अध्यक्षाच्या स्वभावाने जे सैल सोडले ते पुढच्याने नियमाने आवळले.

स्वभावाची उणीव नियमाऐवजी माणसाने भरून काढल्याचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. तेथील उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग पुरेसे ओळखता येत नसल्याने चित्रकला सोडून यांत्रिक रेखनाकडे वळावे लागले, मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावी आले, सायकलींचे दुकान चालवले, आणि लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना तोच नांगर विकण्याचा हट्ट त्यांनी धरला. औंधच्या संस्थानात १९१० मध्ये निवडुंग माजलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडीची वसाहत उभी केली, ती अशाच चिवटपणाच्या बळावर. परंतु यंत्रात रमणाऱ्या माणसाला वसाहतीचे पाणी, रस्ते, घरे आणि माणसांचे रुसवेफुगवे यांत तितकेच रमता येईल असे नसते. ही बाजू त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे होते, आणि शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकामुळे वाडीचे नाव मराठी घराघरांत पोचले. लक्ष्मणरावांच्या नेतृत्वशैलीचे वर्णन करताना या माणसांना वगळले तर ते वर्णन चुकीचे ठरते, कारण ज्या गोष्टी त्यांनी केल्या नाहीत त्या कोणाकडून होऊ दिल्या, हाही त्या शैलीचाच भाग होता.

स्वभाव वस्तूत कसा उतरतो, याचे उदाहरण कोकण रेल्वेत सापडते. रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांचा कर्तव्यदक्षपणा, म्हणजे वेळ व शब्द पाळण्याचा काटेकोरपणा, १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेला पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला तेव्हाच रेल्वे वर्तुळात सर्वज्ञात झाला होता. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन होऊन त्याची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीच्या कुशीतून काढायचा होता व एका माणसाचा काटेकोरपणा इतक्या लांबीवर पुरणे शक्य नव्हते. त्यावर योजलेला उपाय म्हणजे उलटे घड्याळ, म्हणजे ठरलेल्या तारखेला किती दिवस उरले ते दाखवणारा फलक. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखालील दिल्ली मेट्रोच्या कार्यालयांतही असे फलक लागले. कनिष्ठ अभियंत्याला साहेबांचा चेहरा महिनोन्‌महिने दिसत नसेल, पण कामावर येताना एकाने कमी झालेला आकडा रोज दिसे, आणि साहेबांचा स्वभाव अशा रीतीने भिंतीवर टांगला गेला.

या शैलीच्या मर्यादाही त्याच मार्गावर दिसल्या. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीला घड्याळाचे बंधन नव्हते. ती ढासळत राहिली आणि मार्ग पूर्ण होण्यास उशीर झाला, संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागण्यास १९९८ चा जानेवारी उजाडला. खाजण जमिनी आणि जुन्या गोव्याचा वारसा यांच्या प्रश्नावर गोव्यात मार्गाच्या आखणीला जो विरोध झाला, त्या वेळी हाच ठामपणा विरोधकांना हेका वाटला. एकाच गुणाला रत्नागिरीत जिद्द आणि मडगावात हट्ट म्हटले जाते, तेव्हा तो गुण बदललेला नसतो, तो सोसणारी माणसे बदललेली असतात. पुढे १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचे बांधकाम कोसळून जीवितहानी झाली, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला व तो स्वीकारला गेला नाही. तारखेबाबत काटेकोर असणारा माणूस दोष स्वीकारण्यातही तितकाच काटेकोर राहिला, आणि हे सातत्य हाताखालच्यांच्या विश्वासाचा आधार असावे असे मानायला जागा आहे.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, आज भरतीच्या वेळी त्या सर्रास वापरल्या जातात व त्यांतून उमेदवाराचा कल कळतो, मात्र ज्या जागेवर त्याला बसवायचे तेथील माणसांचा कल त्यांतून कळत नाही. पिझ्झाच्या ५७ दुकानांचा धडा भरतीच्या अर्जात अद्याप उतरलेला नाही.

या परिषदेतील संशोधकांसमोर सहकारी साखर कारखान्यांचे क्षेत्र ठेवावेसे वाटते, कारण ते महाराष्ट्राच्या अगदी अंगणात असूनही व्यक्तिमत्त्वाच्या दृष्टीने फारसे नांगरले गेलेले नाही. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची जोडी त्यामागे होती. एक फारसे शालेय शिक्षण नसलेला, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन भाग गोळा करणारा, आणि दुसरा केंब्रिजमध्ये शिकलेला, आकड्यांवर भिस्त ठेवणारा अर्थशास्त्रज्ञ, जो कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. तेव्हापासून प्रत्येक सहकारी कारखान्यात निवडून आलेला अध्यक्ष आणि नेमलेला कार्यकारी संचालक अशी जोडी असतेच. निवडणुकीत अध्यक्ष बदलतो, कार्यकारी संचालक बहुधा राहतो, ऊस तोच, यंत्रे तीच, सभासद तेच. एका स्वभावाच्या जागी दुसरा स्वभाव आल्यावर उसाच्या पहिल्या उचलीचा निर्णय, तोडणीचा कार्यक्रम, कामगारांशी होणारे करार यांत काय बदलते हे पाहण्यासाठी याहून सोयीची प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे, आणि तिची सामग्री संचालक मंडळाच्या सभांच्या इतिवृत्तांत, कारखान्यांच्या दप्तरखान्यांतील कपाटांत, हंगामवार बांधून ठेवलेली आहे.